पिसदुऱ्याची हाडे आणि नोहाचे तारू

आमच्या बँकेतले जुने हेड कॅशिअर शरणपूर रोडला राहतात. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी त्यांचा चहा आमच्याकडे असतो. मध्यंतरी ते दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आले. एरवी तोंडाला खळ नसलेला पोरगा गप्प होता.

"साहेब," कॅशिअर म्हणाले, "याने डायनोसॉरचे पुस्तक माळ्यावर टाकले. कुणा पाहुण्या उपदेशकाने सांगितले की पृथ्वी सहा हजार वर्षांची. डायनोसॉर असलेच तर ते नोहाच्या तारवात होते, नाहीतर पुस्तक खोटे. आता मी याला काय सांगू?"

हा माणूस दहा पैशांचा फरक सापडेपर्यंत घरी न जाणारा. इथे त्यांचा हिशेब जुळत नव्हता आणि मध्ये पोर अडकले होते.

मी ख्रिस्ती नाही, पण पवित्र शास्त्राशी जुनी ओळख आहे. तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर लांबी साडेचारशे फूट. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला सापडलेला इसिसॉरस एकटाच साठ फुटांच्या घरातला. गोदामे तपासण्यात नोकरी गेल्यामुळे मी मनातल्या मनात जागा मोजू लागलो आणि मग ओशाळलो. श्रद्धेच्या वस्तूला फूटपट्टी लावू नये.

मात्र सहा हजार वर्षांचा आकडा शास्त्रात कुठेही लिहिलेला नाही. १६५० साली आयर्लंडमधल्या आर्चबिशप अशर यांनी वंशावळींची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये बसवला. बेरीज माणसाची आहे, आणि बेरीज चुकू शकते हे कॅशिअरला मी काय सांगावे? 'डायनोसॉर' हा शब्द तर रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली घडवला. तो शास्त्रात सापडावा कसा? ईयोबाच्या पुस्तकातल्या बेहेमोथाचे शेपूट गंधसरूच्या झाडासारखे म्हटले आहे, म्हणून काहीजण त्याला डायनोसॉर ठरवतात. पुष्कळ भाष्यकारांना तो पाणघोडा वाटतो. (आपणही फार हसू नये. आपल्या युगांचे आकडे लांबलचक आहेत, पण डायनोसॉर त्यांतही नाहीत.)

मग मी पोराला स्टीफन हिस्लॉप यांची गोष्ट सांगितली. नागपूरला बदली असताना हिस्लॉप कॉलेजवरून मी रोज जात असे. हे हिस्लॉप कोण, याची चौकशी मात्र बऱ्याच उशिरा केली. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. शाळा काढली, प्रवचने केली, आणि उरलेल्या वेळात दगड फोडले. नागपूरजवळ टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्याच्या गाळाचा थर आहे, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख. म्हणजे लाव्हा आला, निवला, त्यावर तळे साचले, गोगलगायींच्या पिढ्या त्यात जगल्या आणि मेल्या, मग पुन्हा लाव्हा आला. वर्षभराच्या जलप्रलयात हे बसत नाही. आपली पांडवलेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत तो याच लाव्ह्याचा. वय सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षे.

हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या भूगर्भावरचे संशोधन लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याची हाडेही हिस्लॉप यांनी गोळा केली. यात धर्म सोडावा असे त्यांना वाटले नाही. त्यांच्या चर्चचे पहिले मॉडरेटर थॉमस चामर्स यांनी तर, मोशेच्या लिखाणाने पृथ्वीचे वय ठरत नाही, असे कितीतरी आधी मांडले होते.

कॅशिअरांचे समाधान झाले नाही. "वय सोडा," ते म्हणाले. "मरण आदामाच्या पापाने आले ना? मग हे प्राणी आदामाआधी मेले कसे?"

मी निरुत्तर झालो. त्यांनीच चष्मा लावला, पिशवीतले शास्त्र काढले आणि पौलाचे रोमकरांस पत्र पुन्हा वाचले. बराच वेळ गेला. "इथे सर्व माणसांना मरण आले असे आहे," ते हळूच म्हणाले. "जनावरांचे नाव नाही." असे वाचणारे ख्रिस्ती भाष्यकार पुष्कळ आहेत, हे मी नंतर पाहिले, न वाचणारेही आहेत.

पोराला यात रस नव्हता. पिसदुऱ्याला डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा सापडते आणि तीत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले, हे २००५ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले, असे मी सांगताच त्याची कळी खुलली.

"आजोबा, शेण दगडाचं?"

"दगडाचं."

"वास येतो?"

हिस्लॉप कसे वारले तेही त्याने विचारले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. पोर थोडा वेळ गप्प बसले.

पुढच्या गुरुवारी कॅशिअर एकटेच आले. पुस्तक माळ्यावरून खाली आले होते. मे महिन्याच्या सुट्टीत पिसदुऱ्याला जायचे, असा घरात हट्ट चालू होता. वरोऱ्याचे मे महिन्यातले ऊन मी सोसले आहे. दिवाळीनंतर जा, असे मी सुचवले.