उशिरा उमटलेला घाव

अनंत चतुर्दशी आली की आम्हां हैदराबादकर मराठी मंडळींस किल्लारी आठवते. १९५६ पर्यंत तो मुलूख आपल्याच राज्यात होता. कित्येकांची आजोळे आजही तिकडेच आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती बोळवून गावे निजली असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्यांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली.

आमच्या नात्यातील एक वहिनी तेव्हा माहेरी होत्या. त्या वाचल्या. त्यांनी प्रेते ओळखली, पोरक्या भाच्यांना पोटाशी धरले, पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली. डोळ्यांत टिपूस नाही. "काय धीराची बाई!" असे जो तो म्हणे. आम्हीही म्हटले. दीड वर्षाने थोरल्या भाचीचे लग्न उरकले आणि वहिनींची झोप उडाली. रस्त्याने मालट्रक गेला, फळीवरची भांडी किणकिणली, की त्या अंगणात धावत. छताखाली जीव घुसमटे. "तेव्हा काही झाले नाही, मग आताच कसले भय?" असे घरचे विचारीत. कुणी अंगारा आणला. आम्ही मन रमविण्याचा उपदेश केला. त्याची आज लाज वाटते.

आघातोत्तर तणाव विकार हे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली रूढ केले. पूर्ण लक्षणे आघातानंतर सहा महिने वा अधिक काळाने दिसली, तर तो विलंबित प्रकार होय. मात्र तो अगदी अवचित उगवतो असे क्वचितच घडते. २००७ साली ब्रिटिश संशोधकांनी आधीचे अभ्यास ताडून पाहिले, तेव्हा बहुतेकांत थोडी लक्षणे अगोदरपासूनच होती असे आढळले. वहिनी त्या शेडमध्येही दाराशीच निजत. पण ते कोणी मनावर घेतले होते? कर्तव्याच्या धांदलीत माणूस पुष्कळदा स्वतःकडे पाहतच नाही. धांदल सरते, किंवा नवे दुःख कोसळते, आणि दबलेले सारे वर येते. हे ढोंग नव्हे, दुबळेपणाही नव्हे.

उपचार उशिरानेही लागू पडतात. तज्ज्ञांच्या सोबतीने ती आठवण सावकाश उलगडणे, हा त्यांतील मुख्य. गरजेनुसार औषधेही देतात. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक वाचकांनी टिपून ठेवावा.

वहिनींना तज्ज्ञांकडे नेण्यात आमची आणखी तीन वर्षे गेली. आता त्या घरात निजतात. दाराला कडी मात्र लावू देत नाहीत, आणि आम्हीही लावीत नाही.