दाढ काढली, पुढे काय?

जू एका बाजूला कलले की बैलाचा खांदा सुजतो, हे तुम्हांला सांगायला नको. आपल्या खालच्या जबड्याचेही तसेच आहे. हाड एक, पण सांधे दोन. दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून तोंड उघडा, सांधे हलताना कळतील.

दाढ काढून जागा रिकामी ठेवली, की शेजारची दाढ तिकडे कलते, समोरची हळूहळू लांबते. दातावर दात नीट बसेनासा होतो आणि माणूस एकाच बाजूने भाकरी चावू लागतो. म्हणून त्या जागी काय बसवायचे, हे दाढ काढतानाच विचारा.

मात्र जबड्याच्या प्रत्येक दुखण्याचा दोष वाकड्या दातांना देऊ नका. झोपेत दात खाणे, काळजी, जुना मार, संधिवात हीही कारणे असतात. सांधा नुसता वाजतो, दुखत नाही, तर सहसा उपचार लागत नाहीत. दुखत असेल तर काही दिवस मऊ भात-वरण खा, शेक घ्या, जांभई आवरा. पुष्कळांना एवढ्याने उतार पडतो. जबडा दुखतो म्हणून चांगले दात घासून घेऊ नका. घासलेला दात पुन्हा वाढत नाही.

आणखी एक. तोंडात तीन बोटे उभी मावत नाहीत, तिखट झोंबते आणि सुपारी-गुटख्याची सवय आहे? (गुटख्याला राज्यात २०१२ साली बंदी झाली, पण पुड्या कोणाला मिळत नाहीत!) मग हे सांध्याचे दुखणे समजून घरी बसू नका. सुपारीने गालाची आतली त्वचा आवळते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. उरण-पनवेलकडच्या मंडळींना नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघरला दंत महाविद्यालये आहेत. जाताना जुने एक्स-रे पिशवीत टाका.