शब्दसाम्यमापन, देवनागरीतील
दोन लिखित शब्द परस्परांशी कितपत जुळतात, हे संख्येने ठरविण्याची संगणकीय पद्धती. टंकदोष शोधणे, ग्रंथसूचीतील पुनरावृत्त नोंदी ओळखणे इ. कामांसाठी ती वापरतात. तिचे सर्वांत रूढ माप लेव्हेनश्टाइन या सोव्हिएट गणितज्ञांनी १९६५ मध्ये मांडले. एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी एकेक चिन्ह घालणे, गाळणे वा बदलणे या क्रिया कमीत कमी जितक्या वेळा कराव्या लागतात, तितके त्या शब्दांतील अंतर होय. उदा., ‘कमल’ व ‘कमळ’ यांतील अंतर १ आहे.

‘चिन्ह’ कशास म्हणावे, हे या व्याख्येत गृहीत धरलेले आहे. इंग्रजीत एक अक्षर एका बाइटमध्ये मावत असल्याने अडचण येत नाही. यूनिकोडच्या यूटीएफ-८ लेखनात मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. बाइट मोजणारी आज्ञावली अशा मजकुरावर बंद पडत नाही. ती चुकीची उत्तरे देत राहते, हेच अधिक घातक. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ‘कवि’, ‘गुरु’ यांची ‘कवी’, ‘गुरू’ अशी रूपे झाली. जुन्या व नव्या ग्रंथांच्या नोंदी जुळविताना ही आज्ञावली दुसऱ्या जोडीतील अंतर १, तर पहिलीतील २ सांगते. वास्तविक दोन्हींत फरक ऱ्हस्वदीर्घाचाच आहे. उकारांचे संकेत केवळ शेवटच्या बाइटमध्ये भिन्न आहेत. ऱ्हस्व व दीर्घ इकारांच्या मधून मात्र ६४ संकेतांच्या गटाची सीमा जाते, म्हणून तेथे दोन बाइट बदलतात.

बाइटऐवजी संकेतांक मोजल्यास हा दोष जातो, पण सर्व अडचणी संपत नाहीत. ‘दऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताने लिहिता येतो, तसाच साधा ‘र’, हलन्त चिन्ह व एक अदृश्य सांधकचिन्ह वापरूनही. डोळ्यांना एकच दिसणाऱ्या या रूपांतील अंतर २ भरते आणि यूनिकोडचे सामान्यीकरण ती एकत्र आणत नाही. अदृश्य चिन्हे सरसकट गाळण्याचा उपाय येथे अंगलट येतो, कारण मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. म्हणून असे सांधकचिन्हयुक्त रूप आधी ‘ऱ’मध्ये बदलून घ्यावे लागते.

उच्चार विचारात घेतल्यास प्रश्न आणखी बिकट होतो. ‘अंत’ व ‘अन्त’ हा एकच शब्द असून त्यांतील अंतर २, तर ‘अंत’ व ‘संत’ यांतील १. यासाठी सर्व बदलांना समान मूल्य न देता अनुस्वार व परसवर्ण, ऱ्हस्व व दीर्घ यांच्या अदलाबदलीस १ पेक्षा कमी भार देतात. हे भार भाषेगणिक निराळे ठरवावे लागतात. लिपी एक असली, तरी मराठीसाठी ठरविलेले भार हिंदीस तसेच लागू पडत नाहीत.