थांबलेल्या यंत्राचे नवे खेळ

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा घरगुती संगणक जाहीर केला, तेव्हा १२५ पौंडांस १६ किलोबाइटांचा आणि १७५ पौंडांस ४८ किलोबाइटांचा मिळणारा हा रबरी कळांचा काळा डबा पुढे मुख्यतः खेळांकरिताच ओळखला जाईल, अशी अपेक्षा क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांनी खचितच केली नसावी. पुढच्याच वर्षी मॅथ्यू स्मिथ ह्या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाने ‘मॅनिक मायनर’ रचला, आणि शयनगृहात बसून लिहिलेले खेळ कॅसेटवर विकण्याचा एक नवाच व्यवसाय ब्रिटनमध्ये फोफावला. १९८६ साली सिंक्लेअरचा हा सारा कारभार ५० लक्ष पौंडांस ॲमस्ट्रॅड कंपनीच्या स्वाधीन झाला. १९९२ मध्ये उत्पादनही थांबले. यंत्रांच्या इतिहासात एवढ्यावर दप्तर बंद होते. परंतु ह्या यंत्राकरिता आजही नवे खेळ रचले जातात, आणि त्यांतील उत्तम खेळ पूर्वसूरींच्या उत्तम खेळांहून कसबात सरस आहेत असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

ह्याचे कारण स्मरणरंजनात शोधणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. १९८० च्या दशकातील लेखकाला यंत्र शिकता शिकताच खेळ पुरा करावा लागे; नाताळची विक्री दाराशी उभी असे, आणि जरा हात बसतो न बसतो तोच बाजार नव्या यंत्राकडे वळे. आता यंत्र जागच्या जागी थांबले आहे. त्याचा एकेक गुणदोष चाळीस वर्षे तपासला गेला असून एकाचा शोध दुसऱ्याच्या कामी विनाशुल्क रुजू होतो. राजाश्रय लयाला गेल्यावरही शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत नवा श्लोक रचणाऱ्या कवीचे जे होते, तेच येथे घडते: वृत्त बदलत नाही, म्हणूनच त्यातील कौशल्याला अंत राहत नाही.

हे वृत्त किती कडक आहे ते जमाखर्च मांडल्याशिवाय कळावयाचे नाही. ४८ किलोबाइट म्हणजे ४९,१५२ बाइट. त्यांतील ६,९१२ एकटा पडदा घेतो: २५६ बाय १९२ ठिपक्यांच्या चित्रास ६,१४४, आणि रंगांस ७६८. आता १६ बाय १६ ठिपक्यांचे एक पात्र घ्या. ते ठिपक्या-ठिपक्याने आडवे सरकावयाचे, तर त्याला २४ ठिपक्यांची रुंदी, म्हणजे ४८ बाइट द्यावे लागतात. मागचे दृश्य पुसले जाऊ नये म्हणून तेवढाच मुखवटा जोडावा लागतो. आणि आयत्या वेळी सरकविण्यास प्रोसेसरला सवड नसल्याने आठही स्थिती आधीच काढून ठेवाव्या लागतात. एका मुद्रेला ७६८ बाइट झाले. चालण्याच्या चार मुद्रा, डावीकडे आणि उजवीकडे तोंड, अशी बेरीज केली की एकट्या नायकाखाती ६,१४४ बाइट पडतात, म्हणजे संपूर्ण पडद्याच्या चित्राइतके! साहजिकच कोणी दोन-दोन ठिपक्यांनी चालणारा नायक पत्करतो, तर कोणी डावे तोंड वेळेवर उलटवून काढतो. खेळ ‘कसा दिसतो’ ह्याचे उत्तर पुष्कळदा ह्या वहीतच सापडते.

रंगांचा तह तर ह्याहून जाचक आहे. आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीस एकच बाइट, आणि त्यात दोनच रंग. हिरव्या झाडापुढून पिवळा शिपाई गेला की झाडही पिवळे. १९८४ च्या ‘नाइट लोर’ ह्या खेळाने संपूर्ण खोली एकरंगी ठेवून ह्या संकटाला सभ्यपणे बगल दिली होती. नव्या पिढीने मात्र यंत्राच्याच वहिवाटीत एक फट हेरली. पडदा रेखाटणारी चिप चौकटीचा रंग एकदाच वाचून थांबत नाही. चौकटीच्या आठ ओळींपैकी प्रत्येक ओळीस ती तो पुन्हा वाचते. एका ओळीस प्रोसेसरच्या घड्याळाचे २२४ ठोके मिळतात. तेवढ्यात स्मृतीतील रंग गुपचूप बदलला, तर खालच्या ओळीला निराळा रंग चढतो. हे तत्त्व जुनेच. पण ब्राझीलच्या आयनार साउकास ह्यांनी ‘निर्वाणा’ ह्या प्रणालीत ते इतके सुघड बसविले की दर दोन ओळींस रंग बदलणारे खेळ इतरांनाही लिहिता येऊ लागले. त्याची किंमतही जबर आहे: चित्र उमटत असेतो प्रोसेसर ह्याच चाकरीत अडकतो, आणि खेळाचा उर्वरित विचार त्याने पडद्याच्या वरखालच्या कोऱ्या पट्ट्यांच्या अवधीत उरकावयाचा असतो.

लेखन अर्थातच आजच्या संगणकावर होते. रबरी कळांवर हजारो ओळी बडविण्याचे व्रत आता कोणी धरीत नाही. स्पेनच्या ‘मोजोन ट्विन्स’ मंडळींचा सांगाडा सी भाषेतून काम करू देतो, आणि त्यात १५ बाय १० फरशांची एक खोली आवळून ७५ बाइटांत मावते. जोनाथन कॉल्डवेल ह्यांच्या ‘आर्केड गेम डिझायनर’ने तर असेंब्ली भाषा न जाणणाऱ्यांसही दार उघडले. ह्या सोयीमुळे एकाच साच्यातील उड्यांचे खेळ उदंड झाले, हेही नमूद केले पाहिजे. त्या गर्दीतून सान्तियागोच्या यात्रेस निघालेल्या भिक्षूंची कथा सांगणारा स्पॅनिश ‘लोस आमोरेस दे ब्रुनिल्दा’ (२०१३) वेगळा उठून दिसतो. त्याला १२८ किलोबाइटांचे मोठे भावंड लागते, आणि हे भावंड १९८५ साली ब्रिटनच्याही आधी स्पेनमध्येच विक्रीस आले होते, हा योगायोग मला सूचक वाटतो.

खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांची भिस्त आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर असते. १९९९ साली ॲमस्ट्रॅडने स्वामित्व स्वतःकडे राखून एम्युलेटरसोबत रॉम, म्हणजे यंत्रात कायमची कोरलेली मूळ आज्ञावली, वाटण्यास अनुमती दिली. ही सनद नसती तर पुढचे बरेचसे काम चोरीछुपेच चालले असते. मूळ यंत्र बाळगणाऱ्याच्या वाट्याला निराळे कष्ट येतात: कळांखालचा पातळ पापुद्रा काळाने कडक होऊन तडकतो, आणि खालच्या १६ किलोबाइटांच्या जुन्या चिपा दगा देतात. तरीही टेपच्या कर्कश स्वरांत, कडेचे पट्टे थरथरताना, चार-पाच मिनिटे तिष्ठत बसणारे रसिक आहेत. इतरांनी एसडी कार्डाची सोय करून घेतली आहे. मी दुसऱ्या पंथाचा.

आपल्याकडेही हे यंत्र परवान्याने आले होते. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ च्या सुमारास ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ भारतात विकला. तेव्हा मराठी खेळाची कल्पना ह्या वृत्तात बसते का, हे तपासण्यास हरकत नाही. यंत्र स्वतःहून २१ अक्षराकृती घडवू देते, आणि त्या देवनागरीस अगदीच तुटपुंज्या. परंतु अक्षरसंचाचा पत्ता बदलून ९६ आकृत्यांचा निराळा संच ७६८ बाइटांत बसविता येतो. आठ ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेषा, वरची वेलांटी आणि खालचा उकार एकत्र नांदणार नाहीत. अक्षर दोन चौकटी उंच घ्यावे लागेल, म्हणजे दोन संच, १,५३६ बाइट, आणि पडद्यावर २४ ऐवजी १२ ओळी. जोडाक्षरे अर्ध्या अक्षरांनी जुळवावी लागतील. एवढे वजा जाता शब्दांवर चालणाऱ्या साहसकथेला सुमारे ३९ किलोबाइट शिल्लक राहतात, आणि मजकूर आवळून ठेवला तर त्यांत एक सबंध गड, त्याचे चोरदरवाजे आणि एक संशयी किल्लेदार सहज मावतील.