‘मला काय कळतंय गाण्यातलं?’

आमच्या बचत गटाच्या डब्यात हप्त्याच्या पैशांशिवाय एक वेगळी पुरचुंडी असते. तिला आम्ही ‘कळतंय फंड’ म्हणतो. ‘मला काय कळतंय त्यातलं?’ असं जी म्हणेल तिला पाच रुपये दंड, आणि त्या पैशांचा चहा! पहिल्याच बैठकीत पंचावन्न रुपये जमले. गटात बायका अकरा. म्हणजे एकही सुटली नाही. अध्यक्ष म्हणवणारी मी तर नाहीच नाही.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम होता. गटातल्या चौघींना घेऊन मी गेले. मध्यंतरात चहा पिता पिता सहज बोलून गेले, ‘‘पहिला राग जरा घाईत आटोपला, नाही?’’ शेजारी उभे असलेले एक गृहस्थ हसले. म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्हा बायकांना भावगीतंच बरी!’’ आणि मैत्रिणींनो, मीही हसले. वर म्हणाले, ‘‘हो ना, मला काय कळतंय गाण्यातलं!’’

घरी येईपर्यंत माझा मलाच राग आला होता. मी मराठी घेऊन बी.ए. झाले. पुस्तकावर चार माणसांत बोलते, ग्रामसभेत उभी राहून पाण्याचा प्रश्न मांडते. साडीचं सूत आणि तुरीची डाळ आपण बोटांनी पारखतो. मग जे गाणं आयुष्यभर कानांवर पडलं, त्याबद्दल मत सांगताना जीभ का अडखळावी?

तिथून आमची ‘ऐकण्याची भिशी’ सुरू झाली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी, हप्ते गोळा झाले की बालवाडीच्या खोलीत बसायचं. जिची चिठ्ठी निघेल तिनं पुढच्या वेळी एक अल्बम आणायचा. सुटं गाणं नाही, अख्खा अल्बम. माझ्या लेकीचा छोटा स्पीकर आणि कुणाचा तरी मोबाइल, एवढंच सामान. ऐकताना हातानं मेथी निवडली, वाती वळल्या तरी चालेल, तोंडानं बोलायचं नाही. संपल्यावर प्रत्येकीनं एक तरी वाक्य बोलायचं. ‘छान होतं’ हे वाक्य धरलं जाणार नाही!

अख्खा अल्बमच का? मोबाइलवर आपण आवडतं तेवढं ऐकतो, बाकीचं बोटानं सरकवून टाकतो. पूर्वी कॅसेट होती तेव्हा नावडतं गाणंही ऐकावं लागायचं आणि कधी कधी तेच पुढे जिवाभावाचं व्हायचं. सुटं गाणं म्हणजे नुसता लाडू. अल्बम म्हणजे वाढलेलं ताट. त्यात कडू कारल्यालाही जागा असते.

पहिली चिठ्ठी माझ्या सासूबाईंची निघाली. त्यांनी ‘गीतरामायण’ आणलं. दुसरं काय आणणार! गदिमांचे शब्द आणि बाबूजींचं संगीत. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत, अशी छप्पन्न गीतं झाली. सासूबाईंच्या माहेरी रेडिओला हळदकुंकू वाहून गीत ऐकायचे, असं त्या सांगतात. आम्ही सगळं एका दुपारी कुठलं ऐकणार? शेवटची काही गीतं निवडली. माझं मत मी सांगितलं आणि सासूबाई दोन दिवस माझ्याशी बेतानंच बोलल्या! रेडिओवर ही गीतं वेगवेगळ्या कलाकारांनी गायली होती. माणिक वर्मा, लता मंगेशकर, मालती पांडे यांचेही आवाज त्यात होते. पुढे घराघरांत पोचल्या त्या बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका. बाबूजींचा शब्द न् शब्द स्वच्छ, त्याबद्दल बोलायची माझी टाप नाही. पण गर्भारपणी रानात सोडलेली सीता लक्ष्मणाला प्रश्न विचारते, तेव्हा तो प्रश्न मला बाईच्या गळ्यातूनच ऐकायचाय. पुरुषाच्या आवाजात तो करुण होतो. बाईच्या आवाजात तो जाब होतो. एवढंच माझं म्हणणं.

दुसऱ्या महिन्यात आमच्या शिक्षिका मैत्रिणीनं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आणला. १९६७ चा हा अल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. तिघंही तेव्हा तिशीच्या आसपासचे. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात मांडलाय. पहाटेचा अहीर भैरव सुरू होतो आणि रात्री पहाडीत दिवस मिटतो. शब्द एकही नाही. मला वाटलं, बायका कंटाळणार. पण सगळ्यांत जास्त मेथी त्या दिवशी निवडून झाली! वीटभट्टीवर काम केलेली आमची एक मैत्रीण म्हणाली, ‘‘शब्द असले की आपल्याला कुणी तरी काही तरी सांगत असतं. हे कुणी काही सांगत नाही. नुसतं शेजारी बसतं.’’ त्या मध्यंतरातल्या गृहस्थांना हे वाक्य ऐकवायला हवं होतं.

किशोरीताई आमोणकरांचा भूप मी आणला. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. खरं सांगते, कॉलेजात असताना पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी झोपले होते. बाळंतपणानंतर रात्री-बेरात्री मुलीला मांडीवर घेऊन जागत बसायचे, तेव्हा तो पुन्हा भेटला. भूपात स्वर पाचच. मध्यम आणि निषाद नाहीतच. आपल्या डब्यात पाचच जिन्नस आहेत आणि त्यातूनच घर जेवू घालायचंय, असं म्हणून बाईनं स्वयंपाकाला लागावं, तसं ते गाणं मला वाटतं. कमी आहे याची तक्रार कुठंच नाही. किशोरीताईंच्या आई म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. नवऱ्यामागे गाण्यावर तीन मुलं वाढवली त्यांनी. गाण्याच्या दौऱ्यांत आईला कशी वागणूक मिळायची, ते किशोरीताईंनी मुलाखतींतून सांगितलं आहे. पुढे स्वतःच्या मैफलीत गडबड झाली की त्या कडक व्हायच्या, तर लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणायचे. मला त्या तऱ्हेमागे आईचा अपमान पाहिलेली मुलगी दिसते.

सगळंच काही डोळ्यांत पाणी आणणारं नव्हतं हं! १९९५ चं अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ एकीनं लावलं आणि अर्धी बालवाडी नाचली. तेव्हा मी बारावीत होते. आमच्या अण्णांनी टीव्ही बंद केला होता, कारण त्यात मुलगी स्वतः नवरा निवडते! आज अख्खा अल्बम ऐकला तर वाटलं, बिद्दूनं बांधलेलं ते एक गाणं फर्मास, बाकीची नुसती सोबतीला आलेली वऱ्हाडी मंडळी. संदीप खरे आणि सलील कुलकर्णींच्या गाण्यांवर मात्र वाद झाला. मला त्यांच्या शब्दांचा साधेपणा आवडतो. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ ऐकून आमच्याकडचे धट्टेकट्टे बाप्ये मुसमुसताना मी पाहिलेत. त्यावर आमच्या अंगणवाडी सेविका म्हणाल्या, ‘‘बाबा दमला की गाणं होतं. आई दमली की तिला थायरॉइड तपासून घे म्हणतात.’’ हसून हसून पुरेवाट झाली. पण चहा पिताना जो तो विचारात होता.

माझ्या लेकीनं एकदा आमच्यात बसून ॲडेलचा ‘२१’ ऐकवला. २०११ चा अल्बम. इंग्रजी कुणाला फारसं कळलं नाही. लेकीनं एवढंच सांगितलं की ही मुलगी एकवीस वर्षांची असताना, प्रेम मोडल्यावर तिनं ही गाणी केली. अर्ध्या तासानं आमच्यातली सोडचिठ्ठी घेतलेली एक जण म्हणाली, ‘‘रडतीये, पण पाय धरत नाहीये.’’ लेक माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘‘मम्मी, याहून जास्त मलाही सांगता आलं नसतं.’’

आणि आता जे सांगायला मला जड जातंय, ते सांगते.

आमच्या गटात भीमनगरातली एक मैत्रीण आहे. हिशेबाला पक्की, बोलायला कमी. तिची चिठ्ठी निघाली, तेव्हा ती म्हणाली, ‘‘ताई, मी प्रल्हाद शिंद्यांची भीमगीतं आणते.’’ खोलीत क्षणभर शांतता झाली. एकीला भाजी चुलीवर राहिल्याचं आठवलं. दुसरी म्हणाली, ‘‘श्रावण चाललाय, काही तरी देवाचं लावू या का?’’ आणि मी? समाजकार्य करणारी, समतेवर भाषणं देणारी मी म्हणाले, ‘‘बघू या, पुढच्या महिन्यात घेऊ.’’ पुढच्या महिन्यात गौरी-गणपतीचं निमित्त मिळालं. त्याच्या पुढच्या महिन्यात मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, ‘‘ताई, प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी आणली तर चालतील का? आवाज तोच आहे.’’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला खाली बघावं लागलं.

त्या शनिवारी तिनं दोन्ही आणलं. आधी विठ्ठलाची गाणी लावली. आमचा सोलापूर जिल्हा, पंढरीच्या वाटेवरचा. आषाढीला देवळाच्या कर्ण्यावर, एसटी स्टँडवरच्या टपरीत, दिंडीच्या टेम्पोत हा आवाज आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला. सगळ्याजणी ओठ हलवू लागल्या. सासूबाईंनी तर डोळे मिटून टाळ्यांचा ठेका धरला. मग काही न बोलता तिनं दुसरं लावलं. तोच खडा, रापलेला, उघड्या माळावर फेकावा तसा आवाज. तीच ढोलकी. फक्त आता तो बाबासाहेबांबद्दल गात होता. सासूबाईंनी डोळे उघडले. ठेका मात्र थांबला नव्हता.

‘‘हे तेच का गं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तेच, आत्या. माझ्या वडलांकडं सगळ्या कॅसेटी होत्या. चौदा एप्रिलला आमच्या गल्लीत लागायच्या, आषाढीला तुमच्या.’’

मग ती बोलत गेली. गटात ती एवढी बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. वामनदादा कर्डकांबद्दल तिनं सांगितलं. तरुणपणापर्यंत लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसानं अक्षरं शिकून हजारो गाणी लिहिली, ती गावोगाव गायली. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघंही २००४ साली गेले. तिचे वडील म्हणायचे, आम्हाला पुस्तकं नंतर मिळाली, आधी गाणी मिळाली. बाबासाहेब कोण, शिकायचं का, हे त्यांना गाण्यानं सांगितलं. आज कडूबाई खरात एकतारी घेऊन भीमगीतं गातात, ती मोबाइलवर तिची लेक ऐकते.

माझं मत सांगायची पाळी आली. खरं मत सांगायचं हा आमचा नियम. मी म्हटलं, काही गाण्यांतला बँजो मला फार वाटला, चाली एकमेकींसारख्या वाटल्या. पण ‘गीतरामायण’ ऐकताना मी मान डोलावते, आणि हे ऐकताना माझी पाठ सरळ झाली. दोन्ही गाण्यांचीच कामं आहेत. दुसरं काम मला सत्तेचाळीस वर्षांत कुणी ऐकवलं नव्हतं. आणि ऐकवायला आलेल्या मैत्रिणीला मी दोन महिने दाराबाहेर उभं केलं.

‘‘बँजोचं बरोबर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मलाही तो जास्त वाटतो.’’ आणि पहिल्यांदाच खळखळून हसली. तिच्या गाण्याचं कौतुक करून तिला बाजूला बसवलं असतं, तर ती अशी हसली नसती, असं मला आपलं वाटतं. आपल्या आवडीला कुणी मनापासून ऐकावं आणि मग खुशाल भांडावं, हाच तर मान असतो ना?

सासूबाई शेवटी बोलल्या. ‘‘मला काय कळतंय...’’ म्हणता म्हणता थांबल्या. दंड आठवला! मग म्हणाल्या, ‘‘पन्नास वर्षं या माणसाच्या आवाजावर मी पहाटे उठतीये. त्याचं अर्धंच गाणं माझ्या घरी येत होतं, हे मला आज कळलं.’’

त्या दिवशीचा चहा माझ्या पैशांचा झाला. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणण्याला आमच्या नियमांत दंड नव्हता. आता आहे. दहा रुपये. पहिले दहा मी भरले.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही भिशी असेल, भजनी मंडळ असेल, हळदीकुंकू तर असतंच. महिन्यातून एक दुपार ऐकण्यासाठी ठेवून बघा. खर्च काही नाही. एकीनं आपलं आवडतं आणायचं, बाकीच्यांनी शेवटपर्यंत ऐकायचं आणि खरं काय वाटलं ते सांगायचं. फक्त एक करा. आपल्या घरात, आपल्या गल्लीत जे कधीच वाजलं नाही, त्याला पाळी लवकर द्या.

येत्या शनिवारची चिठ्ठी आमच्या अंगणवाडी सेविकांची आहे. त्यांनी म्हणे कव्वाली शोधून ठेवली आहे. मेथीचा सीझन संपला, तेव्हा या वेळी शेंगा फोडायला घेणार आहोत.