स्टेनलेस स्टीललाही गंज लागतो!

आपल्या वडोदऱ्याच्या भोवती कोयलीची रिफायनरी आहे, बाजव्याजवळ खताचा कारखाना आहे आणि नंदेसरीत तर रसायनांचे कारखानेच कारखाने. तुमच्यापैकी कित्येकांचे बाबा किंवा काका तिकडे पाळीवर जात असतील. तिथल्या चकचकीत टाक्या आणि पाइप ज्या धातूचे असतात, तोच आपल्या स्वयंपाकघरात ताट-वाटी होऊन बसला आहे. नावाचा अर्थ 'डाग न पडणारे पोलाद'. पण नावावर जाऊ नका.

इंग्लंडमधील शेफिल्डचे हॅरी ब्रिअर्ली १९१३ साली बंदुकीच्या नळ्यांसाठी झीज न होणारे पोलाद शोधत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले त्यांचे पोलाद सहजासहजी गंजेना. त्याच सुमारास जर्मनीत क्रोमियमच्या जोडीला निकेल घालून पाहिले गेले. आजच्या बहुतेक रासायनिक टाक्या या क्रोमियम-निकेल घराण्यातल्या.

आता गंमत पाहा. हे पोलाद गंजत नाही, कारण ते आधीच थोडेसे गंजलेले असते! क्रोमियम किमान साडेदहा टक्के असले की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी अवघी दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा हजारो पटींनी लहान भाग. साध्या लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, गळून पडतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. हा पापुद्रा मात्र घट्ट चिकटून राहतो. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच आपोआप भरून येतो.

मग शत्रू कोण? मीठ! नेमके सांगायचे तर क्लोराइड. आई पातेल्यात थंड पाण्यातच मीठ टाकून ठेवू देत नाही, कारण तळाशी साचलेल्या मिठाने बारीक टोचे पडतात. क्लोराइड पापुद्र्याला एखाद्या ठिकाणी भोक पाडते. त्या भोकात ऑक्सिजन पोचत नाही, आतले पाणी आम्लधर्मी होते, आणखी क्लोराइड आत ओढले जाते आणि खड्डा खोल खोल जातो. वरून टाचणीच्या टोकाएवढे तोंड, आत पोकळी. टाकीचे वजन केले तर धातू गेल्याचे कळणारही नाही, पण गळती सुरू झालेली असते. म्हणून ३०४ या नेहमीच्या जातीऐवजी खारे पाणी असेल तेथे ३१६ वापरतात. तिच्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते.

पण ३१६ म्हणजे रामबाण नव्हे. हायड्रोक्लोरिक आम्लापुढे तिचाही निभाव लागत नाही. तेथे आतून रबर किंवा काचेचे अस्तर दिलेली भांडी लागतात. आजी लोणचे स्टीलच्या डब्यात न भरता चिनी मातीच्या बरणीत का भरते? मीठ आणि आंबटपणा एकत्र आले की धातूवर भरवसा नको, हेच कारण. याउलट तीव्र सल्फ्युरिक आम्ल साध्या पोलादाच्या टाकीत निवांत राहते, कारण आत लोह सल्फेटचा थर बसतो. त्यात पाणी शिरले की तेच आम्ल टाकी खाऊ लागते! नायट्रिक आम्लाला मात्र ३०४ चांगले मानवते. 'सर्वांत महाग तेच सर्वांत चांगले' हा हिशेब इथे चालत नाही. आम्ल कोणते, किती तीव्र, किती गरम, हे आधी विचारावे लागते.

सर्वांत दगाबाज प्रकार म्हणजे ताणाखालची तडक. क्लोराइड, उष्णता आणि धातूवरचा ताण हे तिघे एकत्र आले की चकचकीत पाइप काहीही पूर्वसूचना न देता चिरतो. साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर हा धोका असतो, असे पूर्वी मानत. पण १९८५ साली स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे पोहण्याच्या तलावावरचे काँक्रीटचे छत कोसळले आणि १२ जण दगावले. छत स्टेनलेस स्टीलच्या गजांना टांगलेले होते. तेथे उकळते रसायन नव्हते, होती ती तलावाच्या पाण्यातल्या क्लोरीनची दमट हवा.

जोडकामातही घोळ होतो. वेल्डिंगच्या वेळी जवळचा धातू ४५० ते ८५० अंशांत रेंगाळला, तर क्रोमियम कार्बनशी जोडी जमवते आणि कणांच्या सीमांवर क्रोमियमचा तुटवडा पडतो. मग सांध्याच्या शेजारी गंज धरतो. यासाठी ३०४एल, ३१६एल या जाती निघाल्या. त्यांत कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो.

जाता जाता लोहचुंबकाबद्दल. भांडे घेताना बरेच जण चुंबक लावून बघतात. ३०४ ला तो सहसा चिकटत नाही हे खरे. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त २०० मालिकेलाही तो चिकटत नाही, आणि ती लवकर गंजते. त्या परीक्षेवर माझा तरी विश्वास नाही. कारखान्यात क्ष-किरणांचे हातात धरायचे यंत्र पत्र्याला लावतात आणि त्यातले क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम किती टक्के ते काही सेकंदांत वाचतात. मकरपुऱ्यातल्या एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये गेलात, तर स्टेनलेसच्या कामाची जागा वेगळी आहे का ते पाहा. साध्या लोखंडावर चालवलेले ग्राइंडरचे चाक तेथे आणू देत नाहीत. लोखंडाचे कण पत्र्यात रुतले तर नव्याकोऱ्या टाकीवर पहिल्याच पावसात तांबडे डाग उमटतात.