विश्लेषण : सहकाऱ्यांची पसंती व्हॅन डाइकला, पत्रकारांची मात्र दुसऱ्यालाच! असे का घडले?

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना, म्हणजे पीएफए, दरवर्षी सर्वोत्तम खेळाडू निवडते. मतदान करतात ते खुद्द खेळाडूच. २०१९ मध्ये त्यांनी लिव्हरपूलचा डच बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइकला निवडले. याआधी हा मान मिळवणारा बचावपटू होता चेल्सीचा जॉन टेरी, २००५ मध्ये. म्हणजे तब्बल १४ वर्षांनी! फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेने मात्र त्याच हंगामासाठी मँचेस्टर सिटीच्या रहीम स्टर्लिंगला पसंती दिली.

डिसेंबरमध्ये ‘बॅलन डी’ओर’चा निकाल लागला. इथेही मते पत्रकारांचीच. लिओनेल मेसी ६८६ गुण, व्हॅन डाइक ६७९. अवघ्या सात गुणांनी हुकले.

खेळाडूंना नेमके काय दिसले?

३१ मार्च २०१९, अॅनफिल्ड. लिव्हरपूल-टॉटनहॅम १-१ बरोबरीत, सामना संपायला काही मिनिटेच उरलेली. टॉटनहॅमचे दोघे, मुसा सिसोको आणि सॉन ह्युंग-मिन, सुसाट सुटले आणि समोर एकटा व्हॅन डाइक. चेंडू सिसोकोकडे होता, पण खरा धोका सॉनचा. व्हॅन डाइक सिसोकोच्या अंगावर धावून गेला नाही. मागे सरकत त्याने सॉनकडे जाणारा पास अडवून धरला आणि सिसोकोला डाव्या, म्हणजे कमकुवत पायाने फटका मारायला भाग पाडले. चेंडू गोलपोस्टवरून गेला. धोका शून्यावर आणता येत नसेल तर त्यातल्या त्यात कमी धोक्याचा पर्याय निवडायचा, असा हा हिशेब. पुढे लिव्हरपूलने सामना २-१ असा जिंकला.

या प्रसंगाची नोंद गोल किंवा असिस्टच्या रकान्यात कुठेच होत नाही. पण ज्या आघाडीपटूंना दर आठवड्याला अशा बचावपटूसमोर उभे राहावे लागते, त्यांना त्याची किंमत बरोबर कळते.

आकड्यांचे काय?

२०१७-१८ च्या प्रीमियर लीगमध्ये लिव्हरपूलने ३८ गोल स्वीकारले, पुढच्या हंगामात फक्त २२. सगळे श्रेय व्हॅन डाइकचे नाही. गोलरक्षक अॅलिसन त्याच उन्हाळ्यात संघात आला होता. तरी जानेवारी २०१८ मध्ये त्याच्यासाठी मोजलेले साडेसात कोटी पौंड, बचावपटूसाठीचा तेव्हाचा विक्रम, कुणाला महाग वाटेनासे झाले. जून २०१९ मध्ये लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीगही जिंकली.

ब्रेडा शहरातला हा मुलगा किशोरवयात हॉटेलात भांडी घासत होता. ग्रोनिंगेन, सेल्टिक, साउथम्प्टन असा त्याचा प्रवास झाला. मोठ्या क्लबांच्या नजरेत तो तसा उशिराच भरला.

ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनविरुद्ध त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि उरलेला हंगाम गेला. २०२५ मध्ये लिव्हरपूलने पुन्हा लीग जिंकली, तेव्हा ३३ वर्षांचा व्हॅन डाइक संघाचा कर्णधार होता. ‘बॅलन डी’ओर’ मिळवणारा शेवटचा बचावपटू मात्र अजूनही २००६ चा इटलीचा फाबियो कॅनाव्हारोच आहे.